निंबाच्या सावलीवर लावलेला डाव

पत्त्यांपायी माणूस वाया जातो, हे मला आयुष्यभर ऐकावं लागलं. ऐकवणारे सगळे शहाणे. त्यातल्या निम्म्यांना राणी आणि गुलाम यांतला फरक विचारला असता तर फे फे उडाली असती. मी वाया गेलो असेन, नाही म्हणत नाही. पण एकदा पत्त्यांवर आमची म्हस वाचवली आहे. शहाण्यांनी काय वाचवलं ते त्यांनी सांगावं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून, एका उघड्या माळावर जनावरांची छावणी पडली. छावणी चालवायला घेतली होती सोसायटीनं. सोसायटी म्हणजे चेअरमन, आणि चेअरमन म्हणजे पांढरं धोतर, काळा चष्मा आणि उठता-बसता ‘सहकार’. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. छावणीत माय आणि मी. मी बावीस वर्षांचा, औरंगाबादच्या बोर्डिंगातून बी.ए.ला नापास होऊन परत आलेला. बोर्डिंगात आठ तालुक्यांची पोरं होती आणि प्रत्येक तालुक्याचा एकेक पत्त्यांचा खेळ होता. इतिहास मला आला नाही, पण हे सगळे खेळ मला आले.

छप्पन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो. घरातले देव गेले, गावातली जागा मात्र होती तिथंच राहिली. छावणीतही गाव जसंच्या तसं उतरलं होतं. मधोमध पाण्याचा पत्र्याचा हौद, हौदाजवळ माळावरचं एकुलतं एक निंबाचं झाड, झाडाखाली चेअरमनची जनावरं. मग मोठ्या शेतकऱ्यांची, मग लहानांची. सगळ्यात शेवटी, शेणाच्या उकिरड्याला लागून, आमची ओळ. टळटळीत उन्हात. आमची म्हस गाभण, दिवस भरत आलेले. म्हशीला ऊन सोसत नाही हे लहान लेकराला कळतं. दुपार झाली की ती जीभ काढून धापा टाकायची आणि माय भिजवलेलं पोतं तिच्या पाठीवर टाकून माशा हाकत बसायची.

“ही म्हस निंबाखाली न्हाय गेली तर जायाची बघ,” माय म्हणाली. “वासरासकट.”

मी चेअरमनकडं गेलो. एक म्हस तेवढी सावलीला बांधू द्या म्हणालो. चेअरमननं चष्मा पुसला. “एकाला दिली की समद्यांना द्यावी लागंल. सहकारात असं चालत न्हाय बाबा.” मी म्हणालो, मग तुमची तीस कशी चालतात? त्यावर त्यांना खोकला आला.

सावलीवरून कुरकुर करणारा मी एकटा नव्हतो. छावणी नुसती धुसफुसत होती. जनावरांना चारा टाकला की माणसाला दिवसभर काम काय? पत्ते. ओळीओळीत गोणपाटावर डाव पडलेले असायचे. मग चेअरमननीच तोड काढली, सावलीसाठी पत्त्यांचे सामने भरवायचे. जो जिंकेल त्याची जनावरं छावणी उठेपर्यंत निंबाखाली. खेळ मिसळीचा. पानं वाटणाऱ्यानं खेळ सांगायचा, रमी म्हणाला तर रमी, तीन पत्ती म्हणाला तर तीन पत्ती. मुफलिस म्हणाला तर उलटी गंगा, ज्याची पानं सगळ्यात भिकार तो जिंकला. प्रत्येकाला पंचवीस चिंचोके, ते संपले की उठायचं.

“एक मालक, एक गडी!” चेअरमननं जाहीर केलं. “मोठा असो का लहान. सहकार म्हंजे सहकार.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत चेअरमनची तीस जनावरं वाटून झाली होती. दोन बैल पुतण्याचे, एक गाय मेहुण्याची, एक कालवड सालगड्याची. सोसायटीत सभासद जसे वाढवायचे, तसे इथं मालक वाढवले. पंचवीस खेळणाऱ्यांत नऊ त्यांचे. नऊही जणांना हुकूम एकच, आपले चिंचोके चेअरमनकडं हरायचे.

पण नियम म्हणजे नियम. मी मायचं नाव पुढं केलं. एक मालकीण, एक गडी. चेअरमन थोडे घुटमळले, चारचौघांत आपलाच नियम त्यांना मोडवेना. मला वाटलं होतं, पंगतीला कुणीतरी नाक मुरडेल. कुणीच मुरडलं नाही. हाताला हात न लावता वरून टाकायचं हे आमच्या बाबतीत गावाला पिढ्यान् पिढ्या सवयीचं, आणि पत्ते तर सगळ्यांनाच वरून टाकतात. त्यामुळं त्या गोणपाटावर मी पहिल्यांदा गावाच्या बरोबरीनं बसलो आणि ते कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

माय मात्र भडकली. “तुला हात दिले ते काय पानं पिसायला व्हय रं? हरलास तर तोंड दावू नगंस.”

सामने चार दिवस चालले. पहिल्या दिवशी मी चुकूनच तगलो. लोक एका खेळात वाघ होते आणि दुसऱ्यात शेळी. अणदूरचे एक म्हातारे शेतकरी रमीत असे खेळायचे की वाटावं पत्ते ह्यांच्या शेतात पिकतात, पण मुफलिस आलं की सवयीनं राजे-राण्या धरून बसायचे आणि स्वतःच्याच नावानं बोटं मोडत उठायचे. मी कशातच वाघ नव्हतो. बोर्डिंगात सगळीकडं मार खाल्लेला असल्यामुळं कुठं पळायचं तेवढं कळत होतं.

खरी मारामारी ‘अर्धी’मध्ये. हा खेळ मीच छावणीला शिकवला होता, पापाचा धनी मीच. तीन पानं. ज्याची सगळ्यात भारी तो मधल्या ढिगाचा अर्धा नेतो, ज्याची सगळ्यात हलकी तो उरलेला अर्धा. एक्का दोन्हीकडं चालतो. पानं उघडण्याआधी प्रत्येकानं मूठ पुढं करायची. मुठीत एक चिंचोका म्हणजे मी भारीवर, दोन म्हणजे हलक्यावर, तीन म्हणजे दोन्हीवर. तीन धरले आणि एका जरी बाजूला हरलात तर हातात धुपाटणं.

तिसऱ्या दिवशी अर्धीत भांडण झालं. चेअरमनच्या हातात दुर्री, तिर्री, चौकी होती आणि ते हलक्यावर अडून बसले. अणदूरचे म्हातारे म्हणाले, ही तर ओळीनं लागलेली पानं, ही भारी झाली, हलकी कशी? चेअरमननं मांडीवर थाप मारली. “हलक्या बाजूला ओळ मोजायची न्हाय! निस्ती पानं बघायची. आता ह्योच कायदा.” आणि अर्धा ढीग ओढून घेतला.

चौथ्या दिवशी दुपारी तिघंच उरलो. चेअरमन, त्यांचा पुतण्या आणि मी. पाठीमागं सगळी छावणी. त्या दिवशी सकाळी म्हस बसली ती उठेना, म्हणून मायनं पाण्याची घागर तिच्या तोंडाशी धरलेली मी बघून आलो होतो. वाटायची पाळी चेअरमनची. त्यांनी पुतण्याकडं बघितलं आणि म्हणाले, “अर्धी.” मला डाव कळला. एकानं भारी धरायची, एकानं हलकी, मधल्यामधी माझा चुराडा. दोघांनी आपापले सगळे चिंचोके मध्ये लोटले. मी पानं उचलली.

किलवरचा एक्का, किलवरची दुर्री, किलवरची तिर्री.

हलक्या बाजूला याच्या खाली काही नाही. भारी बाजूला एका रंगाची ओळ. कुणाकडं एकसारखी तीन पानं असली तरच मेलो. दोन चिंचोके धरले असते तर अर्धा ढीग पक्का होता, आणखी चार-सहा डाव निभले असते. पण चार-सहा डाव म्हणजे आणखी एक दुपार, आणि म्हशीजवळ दुपार नव्हती. खरं सांगू? एवढा विचार मी केला तो नंतर. त्या घडीला फक्त चेअरमनचा काळा चष्मा दिसत होता आणि डोकं सणकलं होतं. मी सगळे चिंचोके लोटले, त्यातले तीन मुठीत धरले.

मुठी उघडल्या. पुतण्याच्या दोन. चेअरमनचा एक. माझे तीन. मागं कुणीतरी “आयला!” म्हणालं.

चेअरमननी तीन बदाम टाकले, वर राजा. पुतण्यानं दुर्री, तिर्री, पंजी. मी माझी पानं एकेक करून ठेवली.

“भारी तुझी, कबूल,” चेअरमन म्हणाले. “पण हलकी पुतण्याची. तुझी ओळ हाय. ओळ हलकी कशी व्हईल? म्हंजे तू दोन्हीकडनं गेलास.”

मी तोंड उघडायच्या आत अणदूरचे म्हातारे काठी टेकत पुढं आले. “कायदा काल तुमीच केलाव की वो चेअरमनसाब. का सहकारात कायदा रोज बदलतो?” आणि छावणी अशी हसली की बैल दचकले. चेअरमन उठले, धोतर झटकलं आणि निघून गेले. पुतण्यासुद्धा गालात हसत होता.

म्हशीला आठ जणांनी उठवून निंबाखाली आणलं. सावलीत आली आणि तिनं असा लांब श्वास सोडला, की मला एकदम रडू आलं. माय म्हणाली, “रडतुयास काय बायकावानी? पाणी आण.”

हौद दहा पावलांवर होता. संध्याकाळपर्यंत होता. संध्याकाळी सोसायटीची तातडीची मीटिंग झाली आणि ‘स्वच्छतेच्या दृष्टीनं हौद पलीकडं हलवावा’ असा ठराव सर्वानुमते पास झाला. दहा गड्यांनी हौद उचलून माळाच्या दुसऱ्या टोकाला नेला. झाड ठरावानं हलत नाही, नाहीतर तेही नेलं असतं. मी काठी घेऊन निघालो होतो. मायनं शर्टाला धरून मागं ओढलं. “घागर घे मुडद्या, काठी कशाला?” मग रोज चौदा-पंधरा घागरी मी आणि ती.

सावलीत आल्यापासून पाचव्या दिवशी म्हस व्याली. पारडी झाली, काळीभोर, पायावर डगमगणारी. मायनं तीन दगडांच्या चुलीवर चीक शिजवायला ठेवला. त्या वर्षी माणसं सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढत होती, दुधाचं नुसतं नाव घ्यायचं. चिकाचा वास छावणीभर गेला.

दुपारच्या वेळी चेअरमन आले. एकटेच. उपरण्याखाली पितळेचा तांब्या. इकडं तिकडं बघत निंबाच्या सावलीत उभे राहिले आणि मायला म्हणाले, “व्याली का गं म्हस? बेस झालं.” मग जरा थांबून, “वाईच चीक असला तर... तोंडाला चवच न्हाय बघ. दुधाला इटाळ काय नसतंय म्हना.”

मी म्हणालो, “आधी हौद जागेवर आणा, मग चीक.”

चेअरमन खाली बघत राहिले. मायनं तांब्या घेतला, काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. चेअरमन उपरणं सावरत गेले.

मी पेटलो. म्हणालो, हौद तर गेलाच, आता चीकही गेला. सौदा करायचा होता, तू फुकट देऊन टाकलंस! फुकट मिळाल्यावर चेअरमन काय हौद परत आणणार होते होय? नाहीच आणला. छावणी उठेपर्यंत आम्ही त्या टोकावरून पाणी वाहिलं.

माय पारडीला चाटणाऱ्या म्हशीकडं बघत होती. तिच्या तोंडावर असं हसू मी आधी कधी बघितलं नव्हतं.

“त्यो मागाया आलता,” ती म्हणाली. “माझ्या म्होरं, तांब्या घेऊन. माझी आई मेली त्यांच्या दारात मागून मागून. आरं, ह्ये बघाया मी म्हससुदिक देऊन टाकली असती.”