सुभेदारांचा बिल्ला

सांगलीच्या गणपती पेठेत, भांड्यांच्या एका दुकानाबाहेर, राजमती चौगुले स्टूल टाकून बसायची आणि भांड्यांवर नावं घालायची. सासऱ्यांनी तिला छिन्नी-हातोडीनं टिंबाटिंबांची अक्षरं शिकवली होती. पुढं हातात गुरगुरणारं मशीन आलं, पण अक्षराचं वळण सासऱ्यांचंच राहिलं. तीस वर्षांत लग्नाची किती ताटं आणि वास्तुशांतीचे किती डबे तिच्या हाताखालून गेले, याचा तिलाच पत्ता नव्हता. धातूंबद्दल मात्र ती शेजारणींबद्दल बोलावं तशी बोलायची. "ॲल्युमिनियम लय गरीब, कुणीबी वाकवावं. पितळंला रोज कौतुक लागतंय. तांब्याला जरा घाम लागला की तोंड हिरवं. आन् स्टील? ते कुणाचंच ऐकत न्हाई."

दिवाळीच्या आधी पलूसकडची क्रांती आपल्या सासऱ्यांना घेऊन तिच्याकडं आली. सासरे म्हणजे लालासाहेब, फौजेतले निवृत्त सुभेदार. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या आणि टोकदार. अलीकडं त्यांना विसर पडायला लागला होता. त्यात पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट. म्हातारा फाट्यावर जायचा आणि जी गाडी येईल तीत बसायचा. आठवड्यापूर्वी ते वाईला घाटावर सापडले होते. तिथल्या गुरुजींनी जेवू घातलं, पण गाव कुठलं ते त्यांना सांगता येईना.

"मावशी, गळ्यात घालायला एक बिल्ला करून द्या. नाव, गाव आणि माझा फोन नंबर," क्रांती म्हणाली.

लालासाहेब कडाडले, "मला काय म्हसरू समजता व्हय? बिल्ला अडकवायला!"

राजमतीनं मशीन बंद केलं. "आवं आबा, फौजेत न्हवता का गळ्यात?"

म्हातारा थबकला. मग छाती पुढं काढून त्यानं आपला फौजेतला नंबर घडाघडा म्हणून दाखवला, एक आकडा इकडचा तिकडं नाही. क्रांती बघतच राहिली. सकाळीच त्यांनी तिला तिचं नाव विचारलं होतं.

तडजोड झाली. पुढं नाव आणि फौजेचा नंबर, मागं क्रांतीचा फोन नंबर.

राजमतीनं हाताशी होती ती ॲल्युमिनियमची चकती घेतली. लोण्यासारखी कोरली गेली. पंधरा दिवसांत क्रांती ती परत घेऊन आली. सुभेदारांनी त्या चकतीनंच तंबाखूच्या डबीचं झाकण उचकटलं होतं. चकतीचा पापड झाला होता आणि भोकाजवळ ती फाटली होती.

"गरीब धातू," राजमती म्हणाली आणि या खेपेला जाड पितळ घेतलं. बिल्ला असा झळकला की लालासाहेबांनी तो पाहून मिशांना पीळ भरला.

इथंच घोळ झाला. फौजेतला माणूस पितळ मळकं ठेवील कसा? रोज सकाळी चिंच आणि राख घेऊन ते अंगणात बसायचे आणि परेडला निघाल्यासारखे बिल्ला घासायचे. चार महिन्यांत अक्षरं अशी पुसट झाली की सुभेदार साताऱ्याच्या स्टँडवर सापडले तेव्हा कंट्रोलरला आठाच्या जागी तीन दिसला. फोन लागला इस्लामपूरच्या एका बँडवाल्याला.

"सुभेदार हितं आलेत," कंट्रोलर म्हणाला.

"या या. वरात कितीला निघणार?" बँडवाल्यानं विचारलं.

उलगडा व्हायला अर्धा तास गेला. शेवटी क्रांतीचा नवरा साताऱ्याला जाऊन वडिलांना घेऊन आला.

क्रांतीनं हे सांगितलं तेव्हा राजमती पोट धरून हसली, आणि मग तिनं तो पुसट बिल्ला उजेडात धरून बघितला. तिनं घातलेलं नाव पुसलं गेलं होतं. असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

"चांदीचा करूया का?" क्रांतीनं विचारलं.

"चांदी मऊ. आन् वाटंत एखादं गोड पोर भेटलं तर काढून दिऊन टाकतील."

"मग तांबं? सांध्याला बरं म्हणत्यात."

"सांध्याचं माहीत न्हाई, बनियन मात्र हिरवी हुईल. स्टीलच पायजे, बाई."

पण स्टील म्हणजे पातेल्याचा पत्रा नव्हे. पातेल्यावरचं नाव वरवरचं असतं. इथं अक्षर खोल बसायला हवं होतं. राजमती कुपवाडच्या एमआयडीसीत गेली आणि तिथल्या वर्कशॉपमधून जाड स्टीलच्या चार गोल चकत्या कापून आणल्या. लोहचुंबक लावून बघितलं. जी चिकटली ती तिनं बाजूला टाकली. तसलं स्टील घामानं लवकर डागाळतं, हा तिचा अनुभव होता.

राहिल्या तीन. पहिलीवर मशीनची सुई घसरली आणि 'लालासाहेब'चं 'लालासाहेर' झालं. दुसरीवर सुईचं टोकच मोडलं. मग तिनं कठीण टोकाची सुई मागवली. तिसरी चकती पाटावर घट्ट बसवून तिनं प्रत्येक आकडा तीनदा फिरवला, कडा कानशीनं गुळगुळीत केल्या आणि भोक काठापासून आत पाडलं. दुपारभर तिनं दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. दुकानदारानं विचारलं, "वहिनी, ताजमहाल चाललाय काय?" तिनं मान वर केली नाही.

पावसाळा संपता संपता सुभेदार थेट कोयनानगरला पोचले. तिथं चहाची टपरी चालवणाऱ्या विजयमालानं बिल्ला बघायला हात पुढं केला, तर ते म्हणाले, "आधी सलाम!" तिनं भजी तळता तळता झाऱ्यानंच सलाम ठोकला, नंबर वाचला आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला क्रांतीनं उचलला. चिंचेनं आणि राखेनं घासून घासून बिल्ला आरशासारखा झाला होता, पण आकडा एकही हलला नव्हता.

त्यानंतर राजमतीकडं बिल्ल्यांसाठी माणसं यायला लागली. कुणाची आजी, कुणाचा मुका भाऊ. ती आधी विचारायची, "माणूस स्वभावानं कसा हाय?" आणि मग धातू ठरवायची.

एका सकाळी पेठेत हळदीची पोती उतरत होती, तेव्हा लालासाहेब एकटेच तिच्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांनी तिला ओळखलं नाही. सदऱ्यातून बिल्ला काढून त्यांनी तिच्यासमोर धरला.

"बाई, हे बघा काम. ज्यानं केलंय त्याला स्टील कळतंय. तुमाला जमंल का असं?"

राजमतीनं बिल्ला हातात घेतला. क्रांतीचा नंबर तिला पाठ होता, तरी तिनं आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं.

"अवघड हाय, आबा," ती म्हणाली. "शिकावं लागंल."

"शिका की मग," म्हणून लालासाहेब तिच्या स्टुलावर बसले. तिनं त्यांच्यासाठी चहा सांगितला, क्रांतीला फोन केला आणि भिंतीला टेकून उभ्यानंच एका डब्यावर नाव घालायला घेतलं. सुभेदार चहाचे घोट घेत बारकाईनं बघत होते.

"वेलांटी जरा वाकडी गेली," ते म्हणाले.

गेली होती खरी.