वन्संनी हात आवरले

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लाँड्रीत इस्त्री करतात. त्यांच्यासारखी कडक कॉलर तिथे कोणाला जमत नाही, आणि त्यांच्याइतका उशीरही कोणाला होत नाही. कारण घरी लेक. चौदा वर्षांची घोडी, पण मनाच्या आजारानं अशी धास्तावली की बोलणं बंद, आंघोळ बंद, शाळा बंद. तिचा मेला बाप आधीच घर सोडून पळालेला. मग वन्संच तिला न्हाऊ घालायच्या, भरवायच्या, केस विंचरायच्या. त्या खोलीत तिसरं माणूस यायचं ते मीच, तेही रविवारी.

औषधांनी भीती ओसरली. अशाच मुलांची एक शाळा तिला घ्यायला तयार झाली. अट एकच, आपलं आपण आवरता आलं पाहिजे. डॉक्टरीणबाई वन्संना म्हणाल्या, "औषधानं आपलं काम केलंय. आता तुम्ही हात आवरा. तुम्ही सगळं करता, म्हणून ती काही करत नाही."

वन्संनी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा भरवायला बसल्या! माझं डोकंच फिरलं.

"अहो वन्सं, शाळा हातची जाईल!"

"तिला नाही गं जमत."

"जमू देता कुठे तुम्ही?"

शाळेत दाखवायला न्यायच्या दिवशी मी सकाळीच जाऊन थडकले. पोरीला आंघोळीला एकटं सोडलं आणि वन्संना दंडाला धरून बाहेर जिन्यात बसवलं. आत बादली आपटली. त्या ताडकन उठल्या, मी खाली खेचलं. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. मीही दाराला कान लावला, खोटं कशाला बोलू?

दार उघडलं. केस ओले, बटणं वरखाली लागलेली. पण सगळं तिनं एकटीनं केलं होतं. वन्सं बटणं नीट करायला पुढे झाल्या, तशी पोरगी मागे सरकली.

"असू दे आई. मी करते."

शाळेनं घेतलं. मी नाचायचीच बाकी होते! वन्सं मात्र घरी येऊन तिची फणी हातात धरून बसल्या.

शाळा सुरू झाली त्या संध्याकाळी मी लाँड्रीवर गेले. बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या. वन्सं स्टुलावर बसून होत्या.

"अहो, घरी नाही जायचं? पोरगी आली असेल."

"किल्ली आहे तिच्याकडे," त्या म्हणाल्या. "मघाशी फोन केला, तर म्हणाली, जेवले मी." मग माझा हात घट्ट धरला. "वहिनी, आता मी घाईघाईनं कोणासाठी जाऊ गं?"