रकाबीची पारख

चिनीमातीची रकाबी समोर आली की हा गृहस्थ आधी धोतराचा सोगा नाकाला लावायचा. मग दोन बोटांत तिची कड धरून, मेलेला उंदीर धरावा तशी अंगापासून लांब धरायचा आणि म्हणायचा, "शी शी शी! हिच्यावर कोन कोन जेवलं आसल, देवालाच ठाव!"

निजामी अमलात परभणीच्या कचेरीसमोर मी लोकांचे उर्दू अर्ज लिहीत बसायचो. शेजारच्या सतरंजीवर हा जुनी भांडी विकत घ्यायचा. त्याचं ते "शी" मी इतक्यांदा ऐकलं, की आजही कुणी नाक मुरडलं की मला तेच ऐकू येतं.

त्याची युक्ती साधी होती. आपल्याकडे पितळेचं भांडं विटाळलं तर घासूनपुसून, विस्तवावरून काढून शुद्ध करता येतं. चिनीमातीला ती सोय नाही. एकदा बाटली ती बाटलीच. याने "शी" म्हटलं की आणणाराच ओशाळायचा आणि मिळेल त्या किमतीत ती सोडून पळायचा. मग हा ती हैदराबादेत शौकिनांना विकायचा.

स्वतःला मात्र कसली शिसारी नव्हती. एकदा त्याच्या घरी गेलो, तर असल्याच एका रकाबीत साहेब वरणभात कालवत होते. मी बघत राहिलो, तर म्हणाला, "बगता काय? हिच्यात भात लवकर गार व्हत न्हाई." तेव्हा मी हसलो होतो, हेही तुमच्यापाशी कबूल करतो.

एक दिवस पेडगावची एक विधवा बाई आली. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि फडक्यात बांधलेली एक रकाबी. तिच्या सासऱ्याला ती एका जागीरदाराने दिली होती. घरी थोरल्या लेकीचे डोळे दिवसेंदिवस अंधारत चालले होते. हैदराबादेच्या दवाखान्यात नेलं तर वाचतील, असं हकीमाने सांगितलं होतं.

"हिचं काय येईल, दादा? देव्हाऱ्यापाशी जपून ठिवली व्हती."

"शी शी शी! देवापाशी? अवो, जल्मभर मटनाच्या रश्श्यात बुडलेली हाय ही!"

बाईचं तोंड उतरलं. तरी धीर करून तिने रकाबी उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. "तुमी शिकलेले हाव. हे ठिपके कशाचे? काई लिव्हलंय का?"

लिहिलं होतं. एका जुन्या सरदाराचं नाव, फारशीत, बारीक टोचून काढलेलं. असं नाव असलं की किंमत कितीतरी पटींनी चढते, हे यानेच मला शिकवलं होतं. तेवढ्या पैशांत पोरगी हैदराबादेला जाऊन आली असती. त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. रोज त्याच्या शेजारी बसायचं होतं, अर्जवालेही तोच माझ्याकडे धाडायचा.

"नक्षी हाय नुसती," मी म्हणालो.

याने निजामी चलनातला एक हाली रुपया तिच्यापुढे जमिनीवर टाकला. "नाल्यात फेकून देतो. घरातून गेली, सुटलात." बाईने रुपया उचलला आणि मला हातावर पाणी घालायला सांगितलं. माती लावून लावून ती हात धूत राहिली. मी तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घालत होतो. इतकी किळस मला त्याचीही कधी आली नव्हती, जितकी त्या घटकेला माझी आली.

पोलीस ॲक्शनच्या धांदलीत तो बिऱ्हाड उचलून गेला. कुठे, ते मी कुणाला विचारलं नाही.

त्यानंतर बाई पुन्हा आली. या खेपेला लेक बरोबर होती, आईच्या खांद्यावर हात ठेवून, पायाने जमीन चाचपत.

"ते भांडेवाले दादा कुटं गेले?"

"गाव सोडून गेले. काय काम व्हतं?" मला वाटलं, आता शिव्या देईल. मला त्या ऐकायच्याच होत्या.

"पाया पडायचं व्हतं त्यांच्या. बाटलेलं भांडं देवापाशी ठिवलं, म्हनून हिचे डोळे गेले. त्यांनी सांगितलं म्हनून घरातून गेलं, न्हाईतर धाकटीचे बी गेले असते. खरं हाय का न्हाई?"

शेजारची जागा रिकामी होती. आता मला कुणाचं भय नव्हतं.

"खरं हाय, बाई," मी म्हणालो.