मले कावून इचारता

वेबसाइटवरचा फॉर्म नीट चालतो की नाही हे पाहायचं असलं की आम्ही डेव्हलपर लोक नावाच्या रकान्यात काहीही खरडतो. कोणी 'टेस्ट टेस्ट' लिहितं, कोणी कीबोर्डवर नुसती बोटं फिरवतं. मी लिहिलं होतं, 'मले कावून इचारता'. हे माझ्या बाबांचं वाक्य. आमच्याकडे 'का'ला 'कावून' म्हणतात. बाबांची सगळी नोकरी इथल्या स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, गेली. तिथं काही बिघडलं आणि साहेबानं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. घरीही भाजी कोणती करायची इथपासून पोराचं लग्न कधी इथपर्यंत सगळ्या प्रश्नांना तेच. पत्त्याच्या रकान्यात मी 'सेक्टर नाई, सडक नाई' असं टाकलं, आणि नंबर माझ्या एका जुन्या मोबाइलचा दिला. तो मोबाइल मी साइट तपासण्यापुरताच ठेवला आहे. त्याचा नंबर माझ्या आईलाही माहीत नाही.

ती साइट रक्तदात्यांच्या यादीची होती. आईच्या ऑपरेशनच्या वेळी ओ निगेटिव्ह रक्त मिळता मिळेना, तेव्हा माझा मित्र धावून आला. आम्ही एकाच सडकेवर, चार क्वार्टरं सोडून वाढलो. दोघांची घरं विदर्भातून प्लांटसाठी इथं हिंदी मुलखात आलेली, दोघांची माणसं एकाच विहारात जाणारी. दवाखान्यात बाही वर करत तो आईला म्हणाला, "काकू, आता आपन रक्ताचे नातेवाईक झालो." आई त्या अवस्थेतही हसली होती. मी त्या आठवड्यातच साइट करायला घेतली.

साइट मी केली, पण यादी बाबांनी केली. रिटायर झाल्यापासून त्यांना काम नव्हतं. वही घेऊन ते सडकोसडकी फिरले. लोक नंबर द्यायला घाबरत होते. एका म्हातारीनं विचारलं, "ओटीपी त नाई ना मांगत?" बाबा दर दारात एकच सांगायचे, "नंबर फक्त रक्तासाठी. दुसऱ्या कामासाठी फोन आला त माह्या घरी येऊन मले बोला." लोकांनी नंबर साइटला दिला नाही, बाबांना दिला. संध्याकाळी मी वहीतली नावं साइटवर चढवायचो आणि ते बाजूला खुर्ची टाकून बसायचे. त्यांना स्क्रीनवर 'मले कावून इचारता' दिसलं तेव्हा त्यांचा चहा सांडला हसून. मी ते पुसायला निघालो तर म्हणाले, "राहू दे बाबू. थो मीच आहो." म्हणून ते नाव राहिलं.

आता माझ्याविषयी. दिवसभर मी नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइट करतो. सुपेल्याच्या प्लायवूडवाल्याला त्याचा लोगो मोठा हवा असतो. मोठा केला की आणखी मोठा हवा असतो. मधल्या वेळात मी इंटरनेटवर राजकारणावरून भांडतो, आणि मन लावून भांडतो. माझा आवडता विषय म्हणजे लोकांची खासगी माहिती कोण चोरतं. कोणत्या पक्षाला तुमचे नंबर कुठून मिळतात यावर मी अनोळखी माणसांना लांबलचक प्रवचनं दिली आहेत. आणि याच मी, रक्तासाठी येणारे फोन घ्यायला वेळ होत नाही म्हणून, सुपेल्यात चहा पिता पिता मित्राच्या तळहातावर बॉलपेननं साइटचा पासवर्ड लिहून दिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्यानं दोन वर्षं काम चोख केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. कोणाला रक्त लागलं की तो ऑफिस सोडून पळायचा.

मग वॉर्डाची निवडणूक आली. मित्र एका उमेदवाराच्या मागे फिरू लागला, त्याचं फेसबुक-व्हॉट्सॲप सांभाळू लागला. मी त्याची टर उडवायचो, तो माझी उडवायचा. एका दुपारी टेबलावर पडलेला जुना मोबाइल थरथरला. मेसेज हिंदीत होता. "आदरणीय मले कावून इचारता जी, आप जैसे रक्तदाता हमारे वार्ड का गौरव हैं. इस बार आपका अनमोल वोट..." खाली हात जोडलेल्या उमेदवाराचा फोटो.

मी मोठ्यानं हसलो. खालच्या क्लासमधली पोरं वर पाहू लागली असतील. हसता हसता लक्षात आलं की हे नाव आणि हा नंबर जगात एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी आहेत, आणि त्या जागेची किल्ली माझ्याशिवाय एकाच माणसाकडे आहे. उमेदवाराच्या कोण्या हिंदीवाल्यानं अख्खी यादी न वाचता पुढे ढकलली होती. त्याला ते आडनावासकट नाव वाटलं असेल. पण मित्राला मराठी येत होती. त्यानं यादी देताना एकदा डोळ्यांखालून घातली असती तरी त्याला बाबा दिसले असते. त्यानं तेवढंही केलं नाही.

मी तसाच त्याच्याकडे गेलो. त्यानं नाकारलं नाही.

"अरे यार, टेन्शन कावून घेऊन राहिला बे? नंबरच त देले. रक्त थोडी काढलं कोनाचं. सब करते हैं."

"बाबानं शब्द देला होता लोकाइले."

"काकाले कोन सांगते? तू सांगशील?"

मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. वाजवली नाही. ज्या हातातून माझ्या आईचं रक्त आलं होतं तो हात माझ्या खांद्यावर होता. केसानं गळा कापणं मी ऐकून होतो. असं प्रेमानं खांद्यावर हात ठेवून कापतात हे तेव्हा कळलं.

बाबांना मला सांगावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती ओटीपीवाली म्हातारी दारात आली. तिला दिवसातून दहा-दहा मेसेज आणि फोन येत होते. ती भांडली नाही, फक्त म्हणाली, "भाऊ, तुमी म्हणलं होतं का घरी येऊन बोला, म्हणून आली." मी मध्ये पडून सगळं सांगितलं. मित्राचं नाव घेऊन इंटरनेटवर त्याची अब्रू काढतो म्हणालो. बाबांनी हात हलवला. "त्यानं नाई देला शब्द. म्या देला." पासवर्ड मी त्याच दिवशी बदलला, पण त्याचा आता उपयोग काय? बाबा वही काढून पुन्हा सडकोसडकी निघाले, या वेळी माफी मागायला. काही दारं उघडली नाहीत.

महिन्याभरानं एका सकाळी विहारातल्या एकाचा फोन आला. त्याची सून बाळंतपणात अडली होती, ओ निगेटिव्ह हवं होतं. यादीत त्या गटाचे दोघेच. एक अहिवाऱ्याला राहणारा, कोक ओव्हनमध्ये बाबांच्या हाताखाली काम शिकलेला. बाबा त्याला घरचा पोरगा मानायचे. त्यांनी स्वतः नंबर लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर.

"जय भीम. रक्त पाहिजे होतं रे, एका बाईले."

तो म्हणाला, "मले कावून इचारता, दादा? ज्याइले आमचे नंबर वाटले, त्याइलेच इचारा." आणि फोन ठेवला.

काम आणि ते वाक्य, दोन्ही तो बाबांकडूनच शिकला होता. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दुसऱ्याले लाव."

"बाबा, दुसरा म्हणजे तोच."

"मालूम आहे. लाव."

मी लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. मी पूर्ण सांगायच्या आत म्हणाला, "कोनत्या दवाखान्यात येऊ, ते सांग." आणि आला, बाही वर करूनच. बाई वाचली, बाळही वाचलं. तिच्या सासऱ्यानं त्याचे पाय धरले. बाबांनीही त्याला हात जोडले, त्या मेसेजमधल्या उमेदवारासारखे, आणि त्यानं ते जोडू दिले.