मेणाचं भांडं

"तुझं मेण तू त्या डब्यात टाक हां," मॅडम म्हणाल्या. हळू आवाजात. वर हसल्याही.

घाटकोपरचं फिजिओथेरपी सेंटर. उपचार ह्या मॅडम करायच्या. तिथं विजेच्या भांड्यात मेण वितळलेलं असायचं. त्यात हात बुडवायचा, काढायचा, परत बुडवायचा. हातावर जाड पांढरा मोजा चढायचा. ऊब मुरली की तो सोलून परत भांड्यात टाकायचा. तेच मेण सगळ्यांना. फक्त माझं कचऱ्याच्या डब्यात.

शेजारी बसणाऱ्या काकांनी माझ्या केसपेपरवरचं आडनाव वाचलं होतं. मग विचारलं, "वडील काय करतात?" मी सांगितलं, देवनारला कत्तलखान्यात कातड्यांना मीठ लावतात. दुसऱ्या दिवशी डबा आला.

मी बॉक्सर होतो. गिरण्यांचा संप चालू होता तेव्हाची गोष्ट. सरावात समोरच्याच्या कपाळावर ठोसा बसला आणि माझ्याच उजव्या हाताचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं तर मूठ वळेना. क्लबचे सर म्हणाले, "संघाच्या निवडीआधी मूठ वळली तर रिंगमध्ये उतरवतो. नाहीतर विसर." त्यांनीच इथं पाठवलं.

आणि मूठ वळायला लागली. खोटं कशाला बोलू? मॅडमच्या हाताला गुण होता. मेणानं बोटं सैल करायच्या, मग एकेक सांधा वाकवून घ्यायच्या, चेंडू दाबायला लावायच्या. मनगट सरळ ठेवून ठोसा मारला की हाड पुन्हा मोडत नाही, हे त्यांनीच दाखवलं. तोवर मी हाताला फक्त मारायला शिकवलं होतं. म्हणून गप्प बसलो. मूठ हवी होती मला. डबा तर डबा.

एक दिवस डब्यातलं मेण उचललं आणि गोवंडीला घरी आणलं. बाबाची बोटं मिठानं चिरलेली, आखडलेली. सकाळी शर्टाचं बटण आई लावून द्यायची. पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत मेण. सोसवेल इतकं निवू दिलं आणि मॅडम करायच्या तसंच केलं. बाबानं डोळे मिटले.

"कुणी दिलं रे?"

"मॅडमनं. तुझ्यासाठी."

"चांगली माणसं हायेत. भलं होऊ दे त्यांचं."

मला माझीच लाज वाटली. कचऱ्यातलं उचलून बापाच्या हाताला लावलं आणि वर त्या लोकांना त्याचा आशीर्वाद मिळवून दिला. थोड्या दिवसांनी त्यानं बटण स्वतः लावलं, आईला हाक मारून दाखवलं. मग तर खरं सांगायला माझं तोंडच उघडेना.

आणि एक दिवस बाबा सेंटरवर आला. इस्त्रीचा शर्ट. कोपरापर्यंत घासून धुतलेले हात. ते मॅडमपुढे जोडले. "बाई, तुमच्या मेणानं लई आराम पडला."

मॅडमना कळेना. "कुठलं मेण?"

काकांना कळलं. ते हसले. "अहो, कचऱ्यातलं! पोरगं उचलून नेत असणार."

बाबानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जोडलेले हात सोडले आणि पाठीमागे लपवले.

माझं डोकं फिरलं. माझ्या हातावर मेण होतं. सोललं आणि भांड्यात टाकलं. सगळ्यांच्या देखत.

"अरे, काय केलंस हे?" मॅडम ओरडल्या.

"सगळे करतात तेच."

काका उठले. "आता ह्यात मी हात घालणार नाही."

"नका घालू."

क्लबला फोन गेला. माझे उपचार बंद झाले. निवडीपर्यंत मूठ पुरती वळली नाही. निवड हुकली. साकीनाक्याहून मी नवीन मेण विकत आणलं, वितळवलं, बाबासमोर ठेवलं. त्यानं हात पुढे केला नाही. "राहू दे," एवढंच म्हणाला. आई पुन्हा त्याची बटणं लावायला लागली.

मेण भांड्यात टाकलं, त्याचं मला काही वाटत नाही. पहिल्याच दिवशी टाकायला हवं होतं, त्याचं वाटतं. मी मुठीच्या लोभानं गप्प बसलो आणि हात लपवायची पाळी बाबावर आली. हे माझ्या अंगावरून उतरत नाही, आणि उतरू नये.

आता माझ्यासाठी कुणी वेगळा डबा ठेवला तर तो रिकामाच राहील. सगळ्यांचं जिथं, तिथंच मी हात घालणार. कुणाला उठून जायचं असेल त्यानं जावं.