मडगार्डवरचे अध्यक्ष

आमच्या गावच्या जत्रेत ट्रॅक्टरची शर्यत असते. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात, ट्रॉली सोडून पळायचं, टोकाच्या निशाणाला वळसा घालून परत यायचं. ही शर्यत मी लागोपाठ दोन वर्षं मारली आणि गावातल्या बाप्यांच्या पोटात दुखायला लागलं. पहिल्या वर्षी म्हणाले, नशीब. दुसऱ्या वर्षी म्हणाले, ट्रॅक्टर चांगला. आमचे आबाही तेच म्हणाले, ते मला जास्त झोंबलं.

भाऊ फौजेत गेल्यापासून नांगरट, रोटर, सगळं मीच करते. तरी आबांचा एकच धोशा: चालवणारा घरात नाही, ट्रॅक्टर विकून टाकू. वडूजचं गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं. मी कडाकडा भांडले, तेव्हा म्हणाले, यंदाची शर्यत मार, मग बघू.

यंदा जत्रा कमिटीची बैठक बसली. अध्यक्षांचा मुलगा कराडला इंजिनिअरिंगला. दोन्ही वर्षं माझ्या मागं दुसरा आलेला, त्यामुळं त्याला एकदम शास्त्र सुचलं. परदेशात मोटारींच्या शर्यतीत जिंकणाऱ्याच्या गाडीवर पुढच्या खेपेला वजन चढवतात, चुरस राहावी म्हणून, असं त्यानं मोबाईलवर दाखवलं. कमिटी गहिवरली. शाळेचं छप्पर गळतं तेव्हा परदेश कुणाला आठवत नाही, माझ्या वेळेला बरा आठवला. ठराव झाला, माझ्या ट्रॅक्टरवर दोन माणसांचं वजन. पोती का नाहीत, तर मी ती वाटेत ढकलून देईन म्हणे. म्हणून भरवशाचं वजन निवडलं: मागच्या चाकांच्या एका मडगार्डवर खुद्द अध्यक्ष, दुसऱ्यावर खजिनदार. दोघंही जत्रेच्या जेवणावर पोसलेले. मी बरं म्हणाले. बोंबलून ऐकतंय कोण?

आदल्या दिवशी शेजारच्या रानाचा बांध फुटून पाणी शर्यतीच्या रानात शिरलं. काळी माती वरून सुकलेली दिसत होती, आत नुसतं लोणी. ओल्या रानात मागं वजन नसलं की चाकं जागच्या जागी फिरतात, हे अध्यक्ष झोपेतसुद्धा सांगतील. पण शास्त्रापुढं शेती आठवली नाही बिचाऱ्यांना.

शिट्टी झाली. पोराचा नवाकोरा हलका ट्रॅक्टर सगळ्यांच्या पुढं सुटला आणि ओल्यात जाऊन बसला. बाकीचेही त्याच्या पंगतीला बसले. आमचा मात्र दोघांच्या भारानं माती धरून म्हशीसारखा चालत राहिला. रुतलेलं पोर दिसलं तसे अध्यक्ष उतरायलाच निघाले.

"आवं काका, गुमान बसा," मी म्हणाले. "तुमी उतरला तर नियम मोडतुया."

बसले. पांढरी इस्त्री चिखलानं माखून निघाली आणि मी दोघांसकट पहिली आले. हसू इतकं येत होतं की ब्रेक दाबायचा राहिला.

खाली उतरताच तिथंच बैठक भरली. नवा ठराव: पुढच्या वर्षीपासून वजन हरणाऱ्यांना, चुरस राहावी म्हणून. मी त्यालाही बरं म्हणाले.

वडूजचं गिऱ्हाईक आबांपाशी उभं होतं. एवढं ओझं घेऊन पळतोय म्हणजे ट्रॅक्टर लय भारी, आजच घेऊन जातो, म्हणत होतं. माझं हसू जागीच थांबलं. झालं, आता परत ट्रॅक्टरचंच कौतुक.

आबांनी चिखलानं भरलेल्या चाकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ट्रॅक्टर काय खास न्हाई," ते म्हणाले. "पोरगी चालवती म्हणून पळतुया. न्हाई इकायचा."