यॉर्कच्या सहलीला गेलेली एनिड

इंग्लंडमधल्या गूल गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एनिड गार्बटने एकतीस वर्षं बटाटे सोलले. लग्न केलं नाही. आईचं म्हातारपण काढलं आणि नंतर त्याच घरात एकटी राहिली. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

अठराव्या वर्षी ती सहा महिने हल शहरात मावशीकडे राहून आली, एवढंच गावाला ठाऊक होतं. मावशी नव्हतीच. यॉर्क शहराच्या जुन्या तटबंदीबाहेर, लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींसाठी चर्चवाल्यांनी एक घर चालवलं होतं. तिथे तिला मुलगा झाला. सहा आठवडे तिने त्याला अंगावर पाजलं. एका मंगळवारी तिला चादरी पिळायला खाली पाठवलं आणि ती ओल्या हातांनी वर आली तेव्हा पाळणा रिकामा होता.

त्यानंतर चाळीस वर्षं तिने यॉर्कचं तोंड पाहिलं नाही. गावातल्या चॅपलमध्ये प्रार्थनेला जमणाऱ्या बायकांची सहल तिकडे निघाली की हिची दाढ दुखायला लागायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात पत्र आलं. ‘मी तुमचा मुलगा आहे असं दत्तकाच्या कागदपत्रांवरून दिसतं. एकदा भेटता येईल का? रोलंड ॲशबी.’ एनिडने ते इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटला. जूनमध्ये सहल यॉर्कलाच होती. तिने त्याला तोच दिवस कळवला आणि आदल्या दिवशी आल्याचा केक भाजला.

बसमध्ये शेजारी बेरिल हॉइल बसली होती. शाळेपासूनची मैत्रीण, जिभेला हाड नाही.

"अगं बाई, लिपस्टिक? कुणाला भेटायला निघालीस गं या वयात?"

"ओठ फुटलेत माझे," एनिड म्हणाली.

"आणि डब्यात काय? ओठांचं औषध?"

सगळ्या बायका हसल्या. एनिडसुद्धा हसली.

बायका मिन्स्टर हे तिथलं मोठं चर्च बघायला आत गेल्या. पाय दुखण्याचं निमित्त सांगून एनिड मागे राहिली आणि दगडी गल्ल्यांमधून विचारत विचारत नदीकाठच्या चहाच्या दुकानात पोचली. तो आधीच येऊन बसला होता. कपाळ थेट तिच्या वडिलांचं. रंग मात्र पिवळट, डोळ्यांखाली सूज. तिला पाहून तो उठला आणि त्याने हात पुढे केला. ती गळ्यात पडायला निघालेली, तशीच थबकली आणि तिने तो हात हातात घेतला.

"कसा आहेस रे?"

"तुम्ही आलात, बरं झालं, मिस गार्बट."

तिने डबा उघडून पुढे सरकवला. "घे ना. तुझ्यासाठीच केलाय."

"मला चालत नाही. पथ्य आहे." त्याने खिशातून वही काढली. "मी स्पष्टच बोलतो. माझी मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. हे घराण्यातून येतं असं डॉक्टर म्हणतात. मला दोन मुली आहेत. तुमच्याकडे कुणाला होतं का?"

एनिडने कपाकडे पाहिलं. खोटं बोलावं असं तिला क्षणभर वाटलं.

"माझे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यानेच. भाऊ एक्कावन्नाव्या."

त्याने लिहून घेतलं. वय, साल, सगळं. मग पेन टेबलावर ठेवलं. या पोराला आपण काहीच देऊ शकलो नाही, असं एनिडला चाळीस वर्षं वाटत आलं होतं. आता दिलेलं काय ते समोर वहीत लिहिलेलं होतं.

"माझं एक घे," ती घाईघाईने म्हणाली. "मी धडधाकट आहे. एकतीस वर्षं पातेली उचललीत मी."

"त्याच रक्तातलं आहे ते. आधी तुमचीच तपासणी करून घ्या." बोलण्यात राग नव्हता. तो असता तर तिला बरं वाटलं असतं.

"तुला कधी..." ती म्हणाली आणि अडखळली. "तुम्हाला कधी पत्र लिहिलं तर चालेल?"

"आई अजून आहे माझी," तो म्हणाला. "तिला यातलं काही माहीत नाही. नकोच."

वीस मिनिटांत तो निघून गेला. बस सुटायला साडेचार तास होते. एनिड तटबंदीवरून चालत राहिली. ते घर कुठे होतं ते तिला ओळखता येईना. तिथे सगळीकडे नव्या इमारती उभ्या होत्या. एका बाकावर बसून तिने केकचा तुकडा तोंडात घातला आणि डबा बंद केला.

"बोलत का नाहीस गं?" परतताना बेरिलने विचारलं. "यॉर्क आवडलं नाही?"

"गर्दी फार," एनिड म्हणाली.

तपासणी केली तेव्हा तिच्यातही तेच निघालं, फक्त सावकाश वाढणारं. ते कळवायला तिने रोलंडला एकच पत्र लिहिलं. अडीच वर्षांनी त्याच्या बायकोचं उत्तर आलं. तो फेब्रुवारीत गेला होता, थोरल्या मुलीच्या तपासण्या चालू होत्या आणि एनिडने पुन्हा लिहू नये, अशी विनंती होती.

दोन हजार चारच्या शरदात एनिड इस्पितळात पडली ती उठली नाही. भरती करून घेताना नर्सने विचारलं, "मुलं?"

"एक मुलगा," एनिड म्हणाली.

पलीकडे बेरिल बसली होती. तिने नर्सला हळूच खूण केली. "भ्रमात बोलतेय हो बिचारी. लग्नसुद्धा झालेलं नाही हिचं."

नर्सने लिहिलेलं खोडलं. एनिडने ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.